मन खचते तेव्हा काय करावे : खानदेशातील नवविश्वासी बंधुभगिनींसाठी मार्गदर्शन

हा लेख अशा बंधुभगिनींसाठी लिहिला आहे, ज्यांना प्रभू येशूच्या मार्गावर येऊन फार काळ झालेला नाही आणि ज्यांचे मन आता पहिल्यांदाच असे खचले आहे की प्रार्थनेला बसले तरी तोंडातून शब्द फुटत नाही, रविवारी उपासनेला जावेसे वाटत नाही आणि 'आपला विश्वासच खोटा होता की काय' हा प्रश्न रात्री-अपरात्री छळतो. ज्यांच्या मनात जीव देण्याचा विचार येत असेल, त्यांनी मधला मजकूर सोडून आधी 'जीव नकोसा वाटत असेल तर' हा भाग वाचावा आणि त्यात सांगितलेले लगेच करावे. बाकीचे नंतर वाचता येईल.

खानदेशात मन खचण्याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. कापसाला बोंडअळी लागते, आणि जो काही माल घरात येतो त्याचा भाव नेमका तेव्हाच पडतो. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनच्या एका वादळात घडांनी लगडलेली केळीची बाग आडवी होते. नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे पावसाळा संपला की मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि हंगामभर आपल्या गावापासून, मुलांच्या शाळेपासून आणि मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, तुटतात. नव्याने विश्वास धरलेल्यांवर याहून वेगळा एक भार असतो. भाऊबंदांत बोलणे बंद होते, लग्नकार्याचे आवतण येत नाही, सणाला घरात काय करायचे आणि काय नाही यावरून सासू-सुनेत, बाप-लेकात तंटे होतात. शिवाय अनेकांच्या मनात कोणीतरी भरवून दिलेले असते की विश्वास धरला की अडचणी संपतात. त्यामुळे अडचण आली की तिचे दुःख तर होतेच, पण 'माझ्यातच काही कमी आहे' ही बोचणीही तिच्यासोबत येते.

ही बोचणी आधी बाजूला ठेवावी, कारण पवित्र शास्त्रात तिला आधार नाही. लोकांचा भार एकट्याने वाहणे मला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक, असे मोशे देवाला म्हणाला (गणना ११). यिर्मयाने आणि ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. आसिया प्रांतात आपल्यावर इतका भार आला की जगण्याची आशाही उरली नव्हती, असे पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रातून कळवले आणि ते लपवावेसे त्याला वाटले नाही (२ करिंथ १:८). खुद्द प्रभू येशूने गेथशेमाने बागेत शिष्यांना सांगितले की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. खचणे हे पाप नव्हे आणि अविश्वासाचा पुरावाही नव्हे. खचलेल्या माणसाने पुढे काय करायचे, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे सर्वांत सविस्तर उत्तर १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्ट्याच्या हकिगतीत आहे.

कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला हा माणूस पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीच्या एका निरोपाने गळाठून जातो, चाकराला बैर-शेबा येथे सोडून एकटाच रानात एक दिवसाची वाट चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो की आता पुरे झाले, माझा प्राण घे. त्यानंतर देवाने त्याला कोणत्या क्रमाने सावरले, ते नीट पाहावे. आधी झोप आणि अन्न दिले, मग त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले, मग तो एकटा नाही हे दाखवले आणि त्याला काम व सोबती दिला. आपल्याकडे बहुधा उलटे होते. खचलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत उपदेश मिळतो, मग 'सेवा वाढवा' असा सल्ला मिळतो आणि त्याने दोन दिवस जेवण घेतले की नाही, हे शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. मला कळकळीने सांगायचे आहे ते एवढेच की देवाने लावलेला हा क्रम मोडू नये. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : आधी झोप आणि जेवण

एलीया झुडपाखाली झोपी गेला. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला हटकले नाही. त्याने दुसऱ्यांदा उठवले, पुन्हा खायला लावले आणि कारण सांगितले की पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. या भागात एकही उपदेशाचे वाक्य नाही. आपल्याकडे शेतात गोवऱ्यांच्या आरावर बट्टी भाजतात, तसेच ते साधे, तिथल्या तिथे भाजलेले अन्न होते, आणि देवाने आपल्या संदेष्ट्यासाठी त्या दिवशी तेवढेच पाठवले.

म्हणून पहिला आठवडा शरीराला द्यावा. रात्री ठरलेल्या वेळी अंथरुणावर पडावे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा निदान हाताला लागणार नाही इतका दूर ठेवावा. झोप लागली नाही तरी पडून राहावे, पण दिवसा चार-चार तास झोपू नये, कारण त्याने रात्र आणखी लांबते. भूक नसली तरी दोन वेळा काहीतरी गरम खावे. भाकरी आणि वरण एवढे पुरे आहे, फक्त ताट समोर घेऊन, शक्यतो कोणासोबत बसून खावे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पाणी कमी पडल्यानेही डोके जड होते आणि जीव घाबरा होतो, हे लक्षात ठेवावे. सकाळी ऊन चढण्याआधी अर्धा तास चालावे.

दारूविषयी स्पष्टच सांगतो. दुःख विसरण्यासाठी घेतलेली दारू झोपेचे खोबरे करते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जाते. ज्यांनी विश्वास धरताना ती सोडली होती आणि आता पुन्हा हात तिकडे जातो आहे, त्यांनी लाजेने मंडळीपासून तोंड लपवू नये. हीच वेळ पाळकांना सांगण्याची आहे. ज्यांना रोज पिण्याची सवय आहे आणि सोडल्यावर हात थरथरतात, घाम येतो किंवा भास होतात, त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

उपास-प्रार्थनेबद्दल माझे मत अनेकांना रुचणार नाही, तरी ते मी पूर्ण विचाराने लिहितो. उपास ही चांगली आणि शास्त्राला धरून असलेली शिस्त आहे, पण जो माणूस आधीच जेवत नाही आणि झोपत नाही, त्याला तीन दिवसांचा उपास सांगणे म्हणजे झुडपाखालच्या एलीयाच्या उशाची भाकर काढून घेणे होय. मन सावरेपर्यंत उपास करू नये. मंडळीला उपास करायचा असेल तर इतरांनी त्याच्यासाठी करावा.

दुसरी पायरी : देवासमोर खरे बोलणे

पोटात अन्न आणि डोळ्याला झोप आल्यावर एलीया होरेब डोंगरापर्यंत चालत गेला आणि तिथल्या गुहेत राहिला. तेव्हा देवाने त्याला विचारले, 'एलीया, तू येथे काय करतोस?' सर्व जाणणारा देव विचारतो तो माहिती मिळवण्यासाठी नव्हे, एलीयाने मन मोकळे करावे म्हणून. एलीयाने आपली तक्रार जशीच्या तशी मांडली. वारा, भूमिकंप आणि अग्नी झाल्यावर मंद वाणीत देवाने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि एलीयाने तेच उत्तर पुन्हा दिले. देवाने ते दोन्ही वेळा ऐकून घेतले. ज्यांना वाटते की एकच गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा मांडणे म्हणजे कुरकुर, त्यांनी हे दोनदा झालेले संभाषण वाचावे.

नवविश्वासी माणसाला अनेकदा वाटते की प्रार्थना म्हणजे केवळ आभार आणि स्तुती, म्हणून मन भरून आले की तो प्रार्थनाच थांबवतो. परंतु स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे उघड विलापाची आहेत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याच्या शेवटी दिलाशाचा एकही शब्द नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर प्रभूने मोठ्याने जे उद्गार काढले, ते २२व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीचे आहेत, आणि ती ओळ 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असा प्रश्न आहे. विलापाचे शब्द प्रभूच्याही मुखात होते, तर ते आपल्या मुखात आल्याने देवाचा अपमान होत नाही.

कशी करावी ही प्रार्थना? १३वे स्तोत्र हाताशी घ्यावे. ते अवघ्या ६ ओव्यांचे आहे. पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा 'कोठवर' असा प्रश्न विचारतो, पुढच्या दोन ओव्यांत नेमकी मागणी करतो आणि शेवटच्या दोन ओव्यांत आधी अनुभवलेल्या कृपेचा आधार धरतो. याच तीन भागांत आपली प्रार्थना वहीत लिहावी किंवा मोठ्याने म्हणावी. कापूस उत्पादक शेतकऱ्याची प्रार्थना अशी होऊ शकेल :

'हे देवबापा, यंदाही कापूस हातचा गेला आणि तू गप्प राहिलास असे मला वाटते. कोठवर असे चालायचे? सोसायटीचे कर्ज, मुलीची फी आणि भावाचे टोमणे मला रात्री झोपू देत नाहीत. माझ्याकडे बघ. उद्या सोसायटीत जाऊन सचिवांशी बोलायला मला धीर दे आणि तिथे माझा अपमान झाला तरी घरी येऊन बायकोवर राग काढू देऊ नकोस. आई दवाखान्यात होती तेव्हा तू आम्हांला सोडले नव्हतेस, हे मला आठवते. आज तेवढ्याच आधारावर मी अंथरुणाला पाठ टेकतो. येशूच्या नावाने मागतो, आमेन.'

या प्रार्थनेत मागणी किती नेमकी आहे ते पाहावे. 'मला आनंद दे' असे मोघम मागण्यापेक्षा उद्याच्या एका कामासाठी धीर मागितला की तो मिळाला की नाही, हे उद्या संध्याकाळी कळते आणि मग आभार मानायलाही काही ठोस हाती असते. प्रार्थना पुस्तकी मराठीतच हवी, असेही नाही. अहिराणीत 'मना जीव लागत नही' एवढेच निघाले तरी ते देवाला पोचते. भिली, मावची, पावरी, जी घरची बोली असेल तीत बोलावे. एवढेही जमत नसेल तर नुसते स्तोत्र मोठ्याने वाचावे, आणि वाचता येत नसेल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित शास्त्रवाचन ऐकावे.

शास्त्रवाचनासाठी आणखी एक सूचना करतो. खचलेल्या दिवसांत रोज दहा अध्याय वाचण्याचा नेम धरू नये, कारण तो मोडला की अपराधीपणाची आणखी भर पडते. रोज एकच उतारा, तोच आठवडाभर वाचावा. पहिल्या आठवड्यात स्तोत्र १३, दुसऱ्या आठवड्यात स्तोत्र ४२ आणि ४३ एकत्र, तिसऱ्या आठवड्यात विलापगीताचा ३रा अध्याय आणि त्यानंतर लूक २४ मधील अम्माऊसच्या वाटेची हकिगत, असा क्रम मी सुचवतो. अम्माऊसच्या वाटेवर ते दोघे शिष्य 'आम्हांला आशा होती' असे म्हणतात, म्हणजे ती आता उरलेली नाही, आणि उठलेला प्रभू त्यांच्याबरोबर चालत असूनही त्यांना ओळखू येत नाही. त्याने आधी त्यांचे सगळे बोलणे ऐकून घेतले, मगच शास्त्र उलगडून सांगितले.

तिसरी पायरी : एका माणसाला सांगणे

एलीयाने चाकराला मागे सोडले आणि मग 'मीच एकटा उरलो आहे' असे म्हणू लागला. खचलेला माणूस आधी स्वतः लोकांपासून दूर होतो आणि मग त्याला वाटते की लोकांनीच आपल्याला सोडले. देवाने त्याला सांगितले की बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० लोक मी इस्राएलात राखून ठेवले आहेत. एलीयाला त्यांतला एकही दिसत नव्हता. धुळे-नंदुरबारच्या भागात शंभराहून अधिक वर्षांपासून मंडळ्या आहेत. आपल्या वाडीत विश्वासी घर एकच असेल, पण तालुक्यात ते एकच नाही.

सर्वांना सांगण्याची गरज नाही, एकाला सांगावे. निवड मात्र विचारपूर्वक करावी. जो ऐकलेले दुसऱ्याच्या ओट्यावर नेत नाही, जो लगेच स्वतःची साक्ष सुरू करत नाही आणि ज्याच्यावर स्वतःवर कधी संकट येऊन गेले आहे, असा मनुष्य योग्य. तो पाळकच असला पाहिजे असे नाही. महिला मंडळातील एखादी वडीलधारी मावशी, रेल्वेतून निवृत्त झालेले एखादे काका, असे लोक पुष्कळदा अधिक उपयोगी पडतात. बहिणींनी बहिणीला आणि भावांनी भावाला सांगणे आपल्या समाजात निर्धोक ठरते. बोलण्याची सुरुवात अवघड जाते, म्हणून एक वाक्य तयार ठेवावे : 'काका, माझे मन महिनाभर ठीक नाही. मला सल्ला नको, आधी फक्त ऐकून घ्या.' घरातील कोणाच्या वागण्यामुळे मन खचले असेल, मारहाण होत असेल, तर ते सांगणे म्हणजे घराची अब्रू घालवणे नव्हे. सहन करत राहणे हाच ख्रिस्ती धर्म, असे त्या स्त्रीला सांगणारा माणूस चुकीचे सांगतो. तिने सुरक्षित ठिकाणी जावे आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर मदत मागावी.

पौलाने एका ठिकाणी लिहिले आहे की दीनांचे सांत्वन करणाऱ्या देवाने तीत या सोबत्याच्या येण्याने आमचे सांत्वन केले (२ करिंथ ७:६). सांत्वन स्वर्गातून आले, पण ते चालत आलेल्या एका माणसाच्या रूपाने. आपल्या खानदेशाशी जोडलेले एक उदाहरण मला इथे आवर्जून सांगावेसे वाटते. धरणगावात १८९० साली जन्मलेले कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, यांचे मन वरचेवर उदास होत असे, आणि त्यांच्या कवितेतही ती उदासी उतरली आहे. त्यांना अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या घरी आसरा आणि माया मिळाली. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंनी स्वतः अनेक वर्षे ताटातुटीचे दुःख सोसले होते, आणि त्याच बाईंनी पुढे या तरुणाला पोटच्या मुलासारखे सांभाळले. बालकवी १९१८ साली भादली येथे रेल्वे अपघातात गेले. त्यांची उदासी त्या घराने पूर्ण नाहीशी केली असे मी म्हणणार नाही, पण ज्याच्यासाठी ताट वाढून ठेवलेले असते, तो माणूस तेवढ्यापुरता तरी एकटा नसतो. आपल्या मंडळीत अशी दोन-तीन घरे असली पाहिजेत, आणि जे आज बरे आहेत त्यांनी ती उघडली पाहिजेत.

चौथी पायरी : दुःखाची गाठ सोडवून पाहणे

झोप, जेवण, प्रार्थना आणि एक ऐकणारा माणूस, एवढे झाल्यावरच कारणांकडे वळावे. एका कागदावर मनाला लागलेल्या सर्व गोष्टी लिहून काढाव्यात आणि विश्वासू माणसाबरोबर बसून त्या वेगळ्या कराव्यात, कारण खचलेल्या मनात सगळे एकत्र गुंतलेले असते आणि कर्जाची काळजीही पापाच्या शिक्षेसारखी वाटू लागते.

कर्ज ही प्रथम व्यवहाराची गोष्ट आहे. कोणाचे किती देणे आहे, व्याज किती, कोणते आधी फेडायचे, हे आकड्यांत मांडावे, बँकेत किंवा सोसायटीत समोर जाऊन मुदत मागावी आणि एका सावकाराचे फेडण्यासाठी दुसऱ्याकडून काढू नये. यासाठी प्रार्थना जरूर करावी, पण सोसायटीत जाणे टाळण्यासाठी प्रार्थनेचा आडोसा घेऊ नये.

खरोखर काही पाप घडले असेल तर त्याचा मार्ग सरळ आहे : ते देवापाशी कबूल करावे, ज्याचे नुकसान केले त्याचे भरून द्यावे आणि क्षमा मिळाली असे मानावे (१ योहान १:९). पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारले, आणि पुनरुत्थित प्रभूने त्याला समुद्रकिनाऱ्यावर आधी न्याहारी दिली, मग त्याच्याशी बोलणे काढले. इथेही क्रम तोच आहे. परंतु जे पाप घडलेलेच नाही, ते शोधून काढण्याच्या मागे लागू नये. मूल आजारी पडले, बैल दगावला, गर्भ राहिला नाही, आणि कोणी म्हणाले की घरात लपलेले पाप असेल, तर त्या बोलण्याला थारा देऊ नये. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले आणि देवाचा कोप ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर झाला (ईयोब ४२:७).

जे शिकवतात की विश्वास पक्का असेल तर पीक, पैसा आणि आरोग्य मिळणारच, त्यांच्या शिकवणीने आपल्या भागात फार माणसे मोडली आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३रा अध्याय उघडून १७वी ओवी शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचावी. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरू नाही आणि गोठ्यात गुरे नाहीत. तो दुष्काळ खोटा आहे असे संदेष्टा म्हणत नाही आणि पुढच्या हंगामाची हमीही देत नाही. इतके सगळे मोजून झाल्यावर तो म्हणतो की तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. ज्यांना आज 'तरी' म्हणता येत नसेल, त्यांनी निदान आधीची यादी देवासमोर मोजावी. तीही प्रार्थनाच आहे.

मंडळीतील माणसांमुळे मन दुखावले असेल तर मत्तय १८:१५ प्रमाणे त्या व्यक्तीशी एकांतात बोलावे. बोलण्याची ताकद नसेल तर काही रविवार दुसऱ्या जवळच्या मंडळीत उपासनेला जायला हरकत नाही, पण उपासनाच सोडू नये.

पाचवी पायरी : हातात एक लहान काम घेणे

देवाने एलीयाला गुहेतून परत पाठवले ते काम देऊन, आणि त्यातच त्याला एक सोबतीही मिळाला. १२ जोड्या बैल जुंपून नांगरट चालली होती, तिथे बाराव्या जोडीमागे असलेला अलीशा त्याच्या मागे आला. काम लहान, ठरलेल्या वेळेचे आणि दुसऱ्याच्या उपयोगाचे असावे : रविवारी उपासनेआधी सतरंज्या घालणे, शेजारच्या आजींना दवाखान्यात नेणे, शाळेतल्या मुलांचा अभ्यास घेणे. या काळात तरुण संघाचे पुढारपण किंवा प्रचाराची जबाबदारी घेऊ नये, आणि पाळकांनीही ती लादू नये.

जीव नकोसा वाटत असेल तर

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज बहुतेक वेळ मन उदास राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातही रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल आणि रोजचे काम होत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो (कलस्सै ४:१४). डॉक्टरांकडे जाणे हा अविश्वास नव्हे. थायरॉइडचा विकार, रक्ताची कमतरता यांमुळेही मन आणि शरीर गळून जाते. सातपुड्याच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, आणि वारंवार दुखणे सोसणाऱ्याचे मनही थकते. बाळंतपणानंतर आईला येणारी उदासी ही भुताटकी नव्हे आणि दुष्टात्म्याची बाधाही नव्हे. तिला ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या रुग्णालयात जाऊन मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागाचे दिवस विचारावेत, किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जावे. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती टाकून देऊ नयेत, आणि बरे वाटू लागल्यावर किंवा कोणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केल्यावर स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. प्रार्थना आणि औषध दोन्ही चालू ठेवावे.

जीव देण्याचा विचार मनात येत असेल तर या क्षणी जवळच्या माणसाला हाक मारावी आणि जे मनात आहे ते त्याच शब्दांत सांगावे. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. धोका लगेचचा असेल तर ११२ वर फोन करावा किंवा थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. घरच्यांनी अशा माणसाला एकटे ठेवू नये आणि फवारणीची औषधे घरातून काढून, कुलूप लावून, किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी. असे विचार मनात आहेत का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने विचार बळावत नाहीत, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. असा विचार आला म्हणून देवाने टाकले, असेही मानू नये. एलीयाने मरण मागितले आणि देवाने त्याला भाकर पाठवली.

सोबत करणाऱ्यांसाठी

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोपर्यंत त्यांचे सर्व बरोबर होते. बोलायला लागले आणि सगळे बिघडले. भेटीला जाताना डबा न्यावा, तासभर बसावे, प्रार्थना करायची असेल तर विचारून आणि थोडक्यात करावी. 'विश्वास ठेव, सगळे ठीक होईल', 'तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले' अशी वाक्ये टाळावीत. त्याऐवजी 'गुरुवारी संध्याकाळी पुन्हा येतो' असे सांगावे आणि गुरुवारी जावे. त्याने सांगितलेले प्रार्थनेचा विषय म्हणून सभेत मांडायचे असेल तर आधी त्याची परवानगी घ्यावी, कारण अशी एक गोष्ट बाहेर गेली की तो माणूस पुन्हा कोणाजवळ मन उघडत नाही.

पुन्हा तसेच दिवस आले तर

एकदा सावरलेले मन पुन्हा खचू शकते. 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' हा प्रश्न ४२ आणि ४३ या जोडस्तोत्रांत तीन वेळा येतो, म्हणजे एकदा विचारून त्या माणसाचे भागले नाही. पुन्हा तसे झाले तर पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करावी, थेट पाचवीवर उडी घेऊ नये. पंफुल्या प्रांतात मार्क योहान हा पौलाचा सोबती इतरांना सोडून परत गेला होता आणि पौलाने पुढच्या प्रवासात त्याला बरोबर घ्यायला नकार दिला, पण बर्णबाने त्याला जवळ केले, आणि पुढे कैदेतून लिहिताना पौलानेच निरोप पाठवला की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११).

आपल्या भागातील कठीण काळ पुष्कळदा आधीच ठाऊक असतो, म्हणून त्याची तयारीही आधी करता येते. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाने निघण्यापूर्वी पाळकांना कारखान्याचे नाव, मुकादमाचा फोन आणि आपला फोन लिहून द्यावा, त्याच टोळीत किंवा जवळच्या कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) दुसरे कोणी विश्वासी आहे का ते विचारून घ्यावे आणि आठवड्यातून एक संध्याकाळ दोन-तीन घरांनी एकत्र प्रार्थनेसाठी ठरवावी. मंडळीने दर पंधरवड्याला कोणी फोन करायचा, ते नावानिशी नेमून द्यावे. ज्यांनी गेल्या हंगामात कोपीवर हे दिवस काढले आहेत, त्यांनाच हे फोन करायला सांगावे, कारण पहाटे तीनला उठून गाडी भरणाऱ्या माणसाशी कोणत्या वेळी आणि काय बोलायचे, हे त्यांना ठाऊक असते.